नवरीच्या गाडीचा गिअरबॉक्स

सर्जापूर रोडनं दोम्मसंद्राकडं निघालं की डाव्या हाताला लाकडाची एक वखार लागते. तिच्या पाठीमागं महानंदाचं गॅरेज. पाटीवर कानडीत आणि इंग्रजीत ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स’ एवढंच लिहिलेलं, मालकाचं नाव नाही. त्याची गरजही नव्हती. मारतहळ्ळीपासून इकडं कुणाची ऑटोमॅटिक गाडी अडखळायला लागली की दुसरे मेकॅनिकच सांगत, ‘अक्काकडं न्या.’

महानंदा मूळची निपाणीची. बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती बेंगळुरूला आली, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरनं तिला नोकरी दिली आणि काउंटरवर बसवलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, किल्ल्या घ्यायच्या, चहा विचारायचा. काही महिने तिनं ते केलं. मग जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन मागच्या बाजूला, गिअरबॉक्स खोलायच्या खोलीत जाऊन बसायला लागली. आधी तिथल्या माणसांनी हटकलं. मग मागितलेला पाना न चुकता हातात देते म्हणून बसू दिलं. वर्ष सरता सरता अडलेला गिअरबॉक्स तेच तिला बोलावून दाखवायला लागले. पुढं लग्न झालं आणि संताजीनं आणि तिनं मिळून हे गॅरेज टाकलं. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन संताजीचं, गिअरबॉक्स तिचा. या वाटणीवरून दोघांत कधी वाद झाला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी एक बुटकी लाल गाडी फाटकातून आत आली. लांब नाकाची, दोन दारांची, वीसेक वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स कार. फाटकातल्या चढावर ती क्षणभर थांबली, इंजिन नुसतंच ओरडलं, आणि मग मागून कुणी लाथ मारावी तशी धप्पकन पुढं सरकली. महानंदा हात पुसत बाहेर आली. निम्मं दुखणं तिला तिथंच कळलं होतं.

गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. जीन्स, टी-शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

“महानंदाताई तुम्हीच ना? मी अश्लेषा. बेळ्ळंदूरला राहते. मला या गाडीनं बेळगावला जायचंय.”

“कधी?”

“पुढच्या गुरुवारी. रविवारी लग्न आहे.”

“कुणाचं?”

“माझं.”

महानंदा हसली. “मग नवरीनं गाडी कशाला चालवायची?”

“सगळे तेच विचारतायत,” अश्लेषा म्हणाली. “माझं माहेर पुण्याचं, सासर बेळगावचं. आईबाबा वऱ्हाड घेऊन पुण्याहून बसनं येणार आहेत. मी इथून एकटी. ही गाडी मी माझ्या कमाईतून घेतली, मोडकी घेतली, चार वर्षं एकेक करत दुरुस्त केली. लग्नाला मी हिच्यातूनच जाणार. त्याला, म्हणजे अजिंक्यला, काही हरकत नाही. हरकत फक्त गिअरबॉक्सला आहे.”

तिनं सगळं नीट सांगितलं. गाडी डी मध्ये टाकली की लगेच पकडत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देते. एका वर्कशॉपनं सांगितलं, गिअरबॉक्स संपला, अख्खा बदला. दुसऱ्यानं सांगितलं, जुन्या गिअरबॉक्सचं तेल मुळीच बदलू नका, नवीन तेल घातलं की तो मरतो. आहे तसं चालवा.

“तेल शेवटचं कधी बदललंय?”

“मी घेतल्यापासून नाही. त्याच्या आधीचं माहीत नाही.”

महानंदानं मान डोलवली. संताजी तोवर गाडीखाली वाकून बघून आला होता. त्यानं डोळ्यानंच तिला बाजूला बोलावलं. दोघं टायरच्या ढिगाऱ्याशी जाऊन उभी राहिली.

“नंदा, ही गाडी नको,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्या मारतहळ्ळीच्या माणसाचं काय झालं, विसरलीस? त्याचाबी गिअरबॉक्स आधीच गेलेला. आपण तेल बदललं आणि पंधरवड्यात बंद पडला. आठवडाभर इथं येऊन आरडाओरडा करत होता. हात लावला की दुखणं आपलं होतंय. त्यात ही नवरी. वाटेत कुठं तरी बंद पडली तर?”

“तेव्हा आपण खालचं चेंबर न खोलताच तेल बदललं होतं,” महानंदा म्हणाली. “आत काय हाय ते बघितलंच नाही. आज बघायचं. लोखंडाचे तुकडे निघाले तर मीच नको म्हणते. नाही निघाले तर करायचं.”

“आणि ह्यातून काही वाकडं झालं तर?”

“तर मी सरळ करीन की.”

संताजीला बायकोचा हा सूर ओळखीचा होता. त्यानं लिफ्टचं बटण दाबलं.

महानंदानं अश्लेषाला मोडा दिला आणि सांगितलं, “बसा. ऑफिसला उशीर होत असेल तर जा, पण थांबलात तर बरं. आत काय निघतंय ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“आज सुट्टीच टाकलीय,” अश्लेषा म्हणाली. मोड्यावर न बसता ती लिफ्टखालीच येऊन उभी राहिली.

या गिअरबॉक्सला तेल मोजायची काडी नव्हती. खाली तेल सोडायचा नट, बाजूला तेल भरायचा. संताजीनं सवयीनं सोडायच्या नटाला पाना लावला, तशी महानंदा म्हणाली, “थांबा हं. आधी भरायचा उघडू दे. सगळं तेल खाली आलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी इथंच बसेल.”

भरायचा नट खरंच धरून बसला होता. कुणी तरी कधी काळी चुकीचा पाना लावून त्याचे कोपरे घासून ठेवले होते. संताजीनं लांब पाइप लावून जोर लावला, हलला नाही. त्याला आणखी जोर लावायचा होता, महानंदानं थांबवलं. तिनं स्प्रे मारला, चहा सांगितला, चहा पिऊन होईतो नटाकडं पाहिलंसुद्धा नाही. मग नटाच्या भोवतालचा धातू गरम केला, घट्ट बसणारा सॉकेट ठोकून बसवला आणि एकाच दमात हिसका दिला. नट कुईं करून फिरला. अश्लेषानं टाळी वाजवली, आणि आपण एकटीनंच वाजवली म्हणून थोडी ओशाळली.

खालचं तेल सुटलं तेव्हा तिघंही वाकून बघत होती. मूळचं लाल तेल आता जुन्या काकवीसारखं काळपट झालं होतं. महानंदानं ते बोटांवर घेऊन नाकाशी नेलं.

“जळका वास नाही,” ती म्हणाली. “थकलंय, पण जळलेलं नाही. आणि बघा, निघायला पाहिजे त्याच्यापेक्षा कमी निघालंय. कुठून तरी पाझरत असणार. पॅकिंगच्या कडेला ओल दिसतेच आहे.”

“कमी तेलाने एवढा झटका बसतो?”

“साध्या गिअरबॉक्सात तेल नुसतं वंगणाला असतं. ह्याच्यात तेलाच्या दाबावरच गिअर पडतात. तेल कमी, म्हणजे दाब कमी. दाब कमी, म्हणजे गिअर पकडायला उशीर, आणि उशिरा पकडला की धक्का.”

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ताट, खाली उतरलं. आतल्या लोहचुंबकांवर करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता. महानंदानं तो बोटांत चोळला आणि अश्लेषाच्या बोटांवरही लावला. “काय लागतंय?”

“काजळासारखं. टोचत नाही.”

“टोचलं असतं तर तुम्हाला आत्ताच परत पाठवलं असतं. हे नेहमीच्या झिजेचं आहे. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स संपलेला नाही.”

पॅकिंगचा जुना थर खरवडायला संताजीनं स्वतःहून ताट उचललं, म्हणजे त्यालाही पटलं होतं.

महानंदानं जुना फिल्टर ओढून काढला, नवीन घेतला, त्याच्या नळीवर नवं रबरी सील चढवलं आणि वर दाबून बसवला. जरा जड गेला. नव्या रबराला असतो तसा ताठपणा असेल, असं तिच्या मनात आलं आणि गेलंही. पॅकिंग, चेंबर, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, नवं लाल तेल भरलं, इंजिन चालू ठेवून एकेक गिअर फिरवला, तेल कोमट झाल्यावर पातळी पाहिली. दुपारची जेवणं उरकली आणि गाडी लिफ्टवरून उतरली.

“चला, फिरवून आणू,” महानंदा म्हणाली. ती चालवायला, अश्लेषा शेजारी.

गाडी फाटकातून निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. डी मध्ये टाकली की पकडत होती. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते कळलंही नाही. अश्लेषानं डोळे मिटून घेतले. “ही माझीच गाडी आहे ना?” सर्जापूर रोडच्या गर्दीतून रांगत रांगत दोघी आउटर रिंग रोडला लागल्या. ऊन तापलं होतं. बेळ्ळंदूरच्या अलीकडं ट्रॅफिक पार थबकला. दहा पावलं पुढं, मग उभं, पुन्हा दहा पावलं.

आणि तिथं ते झालं. पुढची बस हलली, महानंदानं पाय दिला, इंजिन गरगरलं आणि गाडी जागची हललीच नाही. पुन्हा पाय दिला. सुईं असा बारीक आवाज आला, काटा वर चढला, गाडी तिथंच. मागून हॉर्नचा एकच कल्ला उठला.

अश्लेषाचा चेहरा उतरला.  संताजीचं सकाळचं बोलणं महानंदाच्या कानात वाजलं.  तिनं इंडिकेटर लावला, काच खाली केली आणि मागच्या टेम्पोवाल्याला कानडीत ओरडून सांगितलं, “अण्णा, स्वल्प ढकला, कडेला घेते!” टेम्पोवाला नि एक डिलिव्हरीवाला उतरले, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत सर्व्हिस रोडच्या कडेला लागली.

महानंदानं इंजिन बंद केलं. आधी अश्लेषाच बोलली, आणि तिच्या आवाजात रडू नव्हतं.

“ताई, मी टेस्टिंगमध्ये आहे. चुका शोधायचाच पगार घेते. आपण ओळीनं बघू या? गॅरेजमध्ये ठीक होती. अर्धा रस्ता ठीक होती. गरम झाल्यावर बिघडली. बरोबर?”

“बरोबर.”

“आधीही गरम झाल्यावर अशी अजिबात हलायची बंद झालीय का? नाही. कधीच नाही. म्हणजे हे जुनं दुखणं नाही. आज काहीतरी नवीन झालंय. आज आपण काय काय बदललं?”

“तेल. पॅकिंग. फिल्टर.” शेवटच्या शब्दावर महानंदा थांबली. समोरच्या काचेतून ती पाहत होती, पण तिला दिसत होता सकाळी ओढून काढलेला जुना फिल्टर. त्याची नळी. ती नळी नागडी होती. तिच्यावर सील नव्हतं.

मग ते सील कुठं गेलं?

“वर राहिलं,” ती मोठ्यानं म्हणाली.

“काय?”

“जुन्या फिल्टरचं सील. एवढ्या वर्षांत रबर कडक होऊन वरच्या भोकातच चिकटून बसलंय. ते मी काढलंच नाही. त्याच्यावर नवीन सील घालून फिल्टर दाबला, म्हणून जड गेला. तो पुरता बसलाच नाही. तेल गार आणि घट्ट असताना चाललं. गरम होऊन पातळ झालं तसा फिल्टर खाली सरकला, आणि आता पंप तेलाऐवजी हवा ओढतोय. तो सुईं आवाज त्याचाच.” तिनं अश्लेषाकडं वळून पाहिलं. “गिअरबॉक्स गेलेला नाही. चूक माझी आहे. बोटानं चाचपून बघायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही.”

“किती खात्री आहे?”

“पुरती. पण तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही. दुसरीकडं न्यायची असेल तर मी स्वतः गाडी तिथं पोचवते आणि काय झालंय तेही त्यांना सांगते.”

अश्लेषानं जरा वेळ विचार केला. बाहेर एका बसचा कंडक्टर लाल गाडीकडं बघत हसत निघून गेला.

“या गाडीच्या आत काय आहे हे मला दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या आहात,” ती म्हणाली. “बाकीच्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. तुमच्याकडेच न्या. फक्त आता मला तुम्ही म्हणू नका, तू म्हणा.”

महानंदानं संताजीला फोन लावला. “अहो, बेळ्ळंदूरच्या अलीकडं सर्व्हिस रोडला थांबलोय. ओढून नको, मागची चाकं फिरली तर गिअरबॉक्सला बाधेल. सपाट ट्रक घेऊन या. जुनं सील वर राहिलंय माझ्याकडनं.”

 

“पाणी हाय का तुमच्याजवळ?” संताजीनं विचारलं. “ऊन लई हाय. सावलीला उभ्या राहा. आलोच.”

तो आला तेव्हा त्याच्या हातात गार ताकाच्या पिशव्या होत्या. सकाळी काय बोललो होतो याचा त्यानं एका शब्दानं उल्लेख केला नाही. गाडी ट्रकवर चढवताना तो एवढंच म्हणाला, “उद्या दोघं मिळून खोलू.”

शनिवारी सकाळी अश्लेषा त्यांच्या आधीच फाटकाशी हजर होती. या वेळी केस बांधलेले, अंगात जुना शर्ट. “मला हात लावायला द्याल का?” तिनं विचारलं.

“तुझीच गाडी. लाव की.”

तेल सोडलं, बोल्ट काढले. चेंबर खाली आलं आणि तिघांनाही दिसलं: फिल्टर एका बाजूला कलंडून लोंबत होता, नळी बोटभर खाली आलेली. संताजीनं टॉर्च धरला. महानंदानं वरच्या भोकात करंगळी घालून फिरवली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“हाय. इथंच हाय. बोट घाल, अश्लेषा.”

अश्लेषानं करंगळी घातली. आत धातूच्या कडेला एक टणक कडं लागलं. महानंदानं तिच्या हातात बारीक तारेचा आकडा दिला. “कडेनं धर. भोकाच्या भिंतीला ओरखडा नको. जोर नको, नुसतं फिरवत आण.” दोनदा आकडा निसटला. तिसऱ्यांदा वाळलेल्या रबराचं काळं कडं तुटून तिच्या तळहातावर पडलं. ते इतकं कडक झालं होतं की बोटांत दाबल्यावर त्याचा तुकडा पडला.

“एवढ्याशा गोष्टीनं?” अश्लेषा म्हणाली.

“ह्याच्यापेक्षा लहान गोष्टीनंबी अडतंय,” संताजी म्हणाला.

महानंदानं भोक पुसलं, पुन्हा चाचपलं, मग संताजीला चाचपायला लावलं. नवं सील तेलात बुडवून फिल्टर वर नेला. या वेळी तो हलका टक् आवाज करत जागेवर बसला. तो आवाज ऐकून तिच्या खांद्यांवरचं सगळं ओझं उतरलं. तेल तिनं पुन्हा नवंकोरं भरलं. अश्लेषा काही बोलायच्या आत हात करून तिला गप्प केलं. “हे माझ्याकडचं. ह्यावर बोलायचं नाही.”

गाडी खाली उतरल्यावर महानंदानं किल्ली संताजीपुढं धरली. “तुम्ही चालवा.”

“मी?”

“मी चालवली तर मला गाडी चांगलीच वाटणार. तुमचा विश्वास नाही तिच्यावर. तुम्ही चालवा.”

त्या गाडीत दोनच सीट होत्या. संताजी चालवायला आणि अश्लेषा शेजारी अशी दोघं गेली. महानंदा गॅरेजात एकटी राहिली. तिनं हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, लिफ्टखालची फरशी धुतली, एका गिऱ्हाइकाला फोनवर सोमवारी यायला सांगितलं. मनात धाकधूक नव्हती असं नाही. पण आत कुठं काय बसलंय हे तिला ठाऊक होतं. तिनं ते स्वतःच्या बोटानं तपासलं होतं.

बऱ्याच वेळानं लाल गाडी परत आली. संताजी उतरला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

“मुद्दाम गर्दीत घातली,” तो म्हणाला. “बेळ्ळंदूर, मारतहळ्ळी, परत बेळ्ळंदूर. एसी बंद ठेवून. इंजिन तापलं, मी तापलो, ही पोरगी तापली. गिअरबॉक्स काय तापून रुसला नाही.” मग थोडं थांबून, नटावर पाना फिरवावा तशा सुरात म्हणाला, “चांगलं झालंय, नंदा.”

एवढ्या वर्षांच्या संसारात संताजीनं तोंडावर केलेलं हे कौतुक महानंदाला पुरेसं होतं.  कानडीत “सरी”, म्हणजे ‘ठीक’, एवढंच म्हणून तिनं अश्लेषाला हाक मारली. “आता दोम्मसंद्राच्या पुढं मोकळा रस्ता आहे. तिथं तू चालव. मी शेजारी बसते.”

मोकळ्या रस्त्यावर अश्लेषानं पाय दिला आणि गाडी अशी सुटली की महानंदाची पाठ सीटला टेकली. दुसरा, तिसरा, चौथा. कुठं झटका नाही, कुठं थांबणं नाही. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि अश्लेषा मोठ्यानं हसायला लागली. महानंदाही हसली. कडेच्या नीलगिरीच्या रांगा मागं पळत होत्या.

“दर दोनशे किलोमीटरला थांबायचं,” परत येताना महानंदानं बजावलं. “खाली वाकून बघायचं, लाल थेंब पडतोय का. आणि घाटात उगीच शर्यत लावायची नाही.”

“अहो ताई, मी लग्नाला चाललेय, शर्यतीला नाही.”

“तुझं काय सांगावं.”

पुढच्या गुरुवारी दुपारी महानंदा एका मोठ्या गाडीखाली होती. या गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्या एका वर्कशॉपनं हात जोडून परत पाठवलेला. तिनं नुकताच त्याचा फिल्टर काढला होता आणि करंगळी वरच्या भोकात फिरवत होती, तेवढ्यात फोन वाजला. संताजीनं तो तिच्या कानाशी धरला.

मागं ट्रकांचे हॉर्न, हॉटेलातली भांडी, कुणी तरी कानडीत डोसे मागत होतं.

“ताई, चित्रदुर्गच्या पुढं थांबलेय,” अश्लेषा म्हणाली. “सांगण्यासारखं काहीच नाही. तेच सांगायला फोन केला.”

“खाली वाकून बघितलंस?”

“बघितलं. कोरडं ठणठणीत. हॉटेलवाल्यानंही बघितलं, आता तो मला विचारतोय, गाडी विकणार का.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, नवरीला विचारा.”

महानंदा हसली. “जा आता, उशीर करू नकोस. आणि रविवारी अक्षतेच्या वेळी फोन बंद ठेव,” ती म्हणाली आणि हाताला लागलेलं तेल पुसायला संताजीकडं फडकं मागितलं.